दुरुस्ती खात्यातलं जनुक

जुन्या कोडबेसवर काम केलेल्या मंडळींना हा प्रकार चांगलाच ओळखीचा असेल. एक फाईल असते, नाव 'रिपेअर' किंवा तसंच काहीतरी. नावावरून वाटतं, काही बिघडलं तरच हिची गरज, एरवी पडून राहणार. मग कुणीतरी साफसफाईच्या उत्साहात ती काढून बघतो आणि सिस्टिम सुरूच होत नाही! शोधाशोध केल्यावर कळतं, की सिस्टिम चालू होताना अगदी सुरुवातीलाच हिला हाक जाते. पहिल्या माणसाला ती दुरुस्तीच्या कामात दिसली, म्हणून त्याने तसं नाव दिलं. पुढच्यांनी नावावर विश्वास ठेवला.

आपल्या पेशीतही अशी एक फाईल आहे. तिचं अधिकृत नाव ईआरसीसी-३. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असलेलं हे जनुक. त्यापासून ७८२ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं, त्याला एक्सपीबी म्हणतात. हे प्रथिन नेमकं काय करतं हे कळायला किती वेळ लागला आणि मधल्या काळात कोण कुठे चकलं, याची गोष्ट मला फार आवडते. त्यात डॉक्टर आहेत, हॅम्स्टर आहेत, यीस्ट आहे, आणि शेवटी चक्क एक डेटाबेस सर्च आहे.

सुरुवात व्हिएन्नात होते. फर्डिनांड हेब्रा आणि त्यांचे जावई मोरित्झ कापोसी हे तिथले नामांकित त्वचारोगतज्ज्ञ. त्यांच्या १८७४ च्या पाठ्यपुस्तकात कापोसींनी एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. लहान मुलं, त्यांची कातडी चर्मपत्रासारखी कोरडी, तिच्यावर तपकिरी डागांची गर्दी. १८८२ साली त्यांनी त्याला नाव दिलं झेरोडर्मा पिग्मेंटोसम, म्हणजे साधारण 'डाग पडलेली कोरडी त्वचा'. आपण पुढे एक्सपी म्हणू. या मुलांना ऊन सोसत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कित्येक वर्षं अशा रुग्णांचा मागोवा ठेवला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे या रुग्णांना त्वचेचा पहिला कर्करोग (मेलॅनोमा सोडून) होण्याचं मध्यक वय ९ वर्षं होतं. आपण त्या वयात सुट्टीत दिवसभर उन्हात क्रिकेट खेळत होतो, हे आठवून बघा म्हणजे आकड्याचा अर्थ कळेल.

दुसरा धागा लंडनचा. एडवर्ड कॉकेन हे मुलांचे डॉक्टर. फुलपाखरं आणि पतंग जमवायचा त्यांना जबरदस्त नाद होता, त्यांचा संग्रह पुढे तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेला. बारीक फरक टिपणारी नजर असावी, कारण १९३६ साली त्यांनी एकाच घरातल्या दोन मुलांचं नेमकं वर्णन केलं: वाढ खुंटलेली, दृष्टी आणि ऐकणं हळूहळू जाणारं. या आजाराला पुढे कॉकेन सिंड्रोम म्हणू लागले. याही मुलांना ऊन लागतं, चटकन भाजतं. पण त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरा धागा केसांचा. केसांना बळकटी देणाऱ्या प्रथिनांत गंधक भरपूर असतं. काही मुलांच्या केसांत ते कमी असतं, केस ठिसूळ होऊन तुटतात, आणि ध्रुवीकृत प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली केसावर वाघाच्या शेपटीसारखे गडद-फिकट पट्टे दिसतात. सोबत वाढ कमी, बुद्धीवर परिणाम. १९८० साली व्हेरा प्राइस यांनी याला ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी हे नाव दिलं. (एका दमात म्हणून दाखवा. :-) आपण टीटीडी म्हणू.) यातल्या बऱ्याच मुलांनाही ऊन सोसत नाही. कर्करोग? इथेही वाढलेला नाही.

तीन आजार, पाठ्यपुस्तकातली तीन प्रकरणं. एक कातडीचा, एक वाढीचा, एक केसांचा. ते एकाच घरातले आहेत असा संशय यावा असं वरवर बघता फारसं काही नव्हतं.

आता प्रयोगशाळेत जाऊ. उन्हातले अतिनील किरण डीएनएच्या धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. अशी गाठ पडली की पुढचं वाचन अडतं किंवा चुकतं. १९६४ च्या सुमारास जिवाणूंवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांना दिसलं, की पेशी ही गाठ आजूबाजूच्या तुकड्यासकट कापून फेकते आणि समोरच्या धाग्यावरून बघून मोकळी जागा भरून काढते. जेम्स क्लीव्हर हे तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत माणसाच्या पेशींवर हेच तपासत होते. एक्सपीबद्दल वाचल्यावर त्यांना शंका आली की या मुलांच्या पेशींत ही कापाकापीच होत नसेल तर? रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळवून त्यांनी मोजलं. खरंच होत नव्हती. १९६८ साली हा निबंध 'नेचर'मध्ये आला. डीएनएची दुरुस्ती आणि माणसातला कर्करोग यांचा थेट संबंध पहिल्यांदा इतका स्वच्छ दिसला.

पुढचा प्रश्न एखाद्या टेस्टरला सुचावा असा होता. सगळ्या एक्सपी रुग्णांत एकच भाग बिघडलाय, की वेगवेगळे? १९७२ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला डर्क बोत्स्मा यांच्या गटाने दोन वेगळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. जोडपेशी दुरुस्ती करू लागली! म्हणजे एकीकडे जे नव्हतं ते दुसरीकडे शाबूत होतं. दोघांचा बिघाड वेगळा. असं करत करत एक्सपीचे ए ते जी असे सात गट पडले, शिवाय एक वेगळा प्रकार. यातला बी गट अतिशय दुर्मिळ. कित्येक वर्षं त्यात एकच रुग्ण होता. १९७४ साली नोंद झालेल्या या रुग्णात एक्सपी आणि कॉकेन अशी दोन्हींची लक्षणं एकत्र होती. तेव्हा हे बहुधा दुर्दैवी योगायोगासारखं दिसलं असेल. आज मागे वळून बघताना कळतं की सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच पडली होती.

जनुकं शोधायला मात्र हॅम्स्टर उपयोगी पडले. दुरुस्ती न जमणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींत माणसाचा डीएनए सोडायचा आणि कुठल्या तुकड्याने पेशी बरी होते ते बघायचं. असे जे तुकडे सापडले त्यांना ईआरसीसी म्हणायचं आणि पुढे क्रमांक लावायचा. ईआरसीसी-१ हे रॉटरडॅमच्याच गटाने १९८४ साली शोधलं. आपलं ईआरसीसी-३ सुद्धा तिथलंच. १९९० साली त्यांनी दाखवलं की ते एक हेलिकेज वाटतंय (डीएनएचे दोन पीळ उलगडणारं यंत्र) आणि बी गटातल्या त्या रुग्णात बिघडलेलं जनुक तेच आहे.

इथे सगळं जुळलं असं वाटू शकतं. दुरुस्तीचं जनुक बिघडलं, दुरुस्ती थांबली, आजार झाला. पण मग प्रश्न पडतो, दुरुस्ती न झाल्याने कर्करोग होईल हे समजतं, वाढ का खुंटावी? बहिरेपण का यावं? आणि कॉकेनच्या मुलांत दुरुस्तीचा दोष असूनही कर्करोग का वाढू नये?

एक इशारा खरं तर आधीच मिळालेला होता, तोही पाव फुगवणाऱ्या यीस्टकडून. यीस्टमध्ये आरएडी-३ नावाचं दुरुस्तीचं जनुक आहे. माणसातल्या ईआरसीसी-२ चा तो जुळा, आणि ईआरसीसी-२ म्हणजे आपल्या कथानायकाचा सख्खा शेजारी. १९८३ साली दिसलं की हे जनुक पूर्ण काढून टाकलं तर यीस्ट मरतं. उन्हात नाही, अंधारात, काही इजा न करता! दुरुस्तीचं खातं बंद केलं म्हणून काही बिघडलेलं नसताना कारखाना बंद का पडावा? १९९२ साली यीस्टमधला ईआरसीसी-३ चा जुळाही हाती लागला, तो तर भलत्याच शोधात. एका जनुकाच्या वाचनात मुद्दाम घातलेला अडथळा कशाने दूर होतो, हे शोधताना. दुरुस्तीशी त्या प्रयोगाचा काही संबंध नव्हता. आणि तोही काढला की यीस्ट मरत होतं.

याच काळात जगाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात, म्हणजे विज्ञानाच्या दुसऱ्या विभागात, वेगळे लोक वेगळ्या प्रश्नामागे होते. प्रश्न ट्रान्स्क्रिप्शनचा. डीएनए हा तलाठी कार्यालयातल्या मूळ दप्तरासारखा आहे. मूळ दप्तर कुणी घरी नेत नाही, नक्कल काढून नेतो. पेशीसुद्धा हव्या त्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल काढते आणि त्यावरून प्रथिनं बनवते. नक्कल काढणाऱ्या यंत्राला, म्हणजे आरएनए पॉलिमरेजला, स्वतःहून सुरुवात करता येत नाही. आधी काही मदतनीस प्रथिनं येऊन जागा तयार करतात. यातला एक मदतनीस तीन ठिकाणी तीन नावांनी सापडला. उंदराच्या यकृतात 'डेल्टा', यीस्टमध्ये 'फॅक्टर बी', आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ज्याँ-मार्क एग्ली यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींतून 'बीटीएफ-२'. (तीन टीमनी एकच लायब्ररी लिहावी तसं!) आज त्याला टीएफ-टू-एच म्हणतात. हा एकटा रेणू नव्हे, १० प्रथिनांचा जुडगा आहे.

एग्लींच्या गटाने या जुडग्यातलं सर्वात मोठं प्रथिन वेगळं काढलं, त्याचे तुकडे केले आणि त्यांतल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचला. मग तो क्रम आधी माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहिला. जुळणारं नाव आलं ईआरसीसी-३.

कल्पना करा. तुम्ही कित्येक वर्षं नक्कल काढणाऱ्या यंत्रामागे आहात, आणि सर्चमध्ये उत्तर येतं ते कर्करोग होणाऱ्या मुलांच्या त्वचेतून सापडलेल्या जनुकाचं. दोन्ही गटांनी मिळून लिहिलेला निबंध एप्रिल १९९३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. स्ट्रासबूर्ग आणि रॉटरडॅम, दोघांची नावं एकाच निबंधावर. लगेचच ईआरसीसी-२ सुद्धा याच जुडग्यात असल्याचं दिसलं. आरएडी-३ काढल्यावर यीस्ट अंधारात का मरत होतं, याचं उत्तर दहा वर्षांनी मिळालं.

पण एक शंका उरते, आणि ती त्या लोकांनाही आली. एकच प्रथिन सुटंसुटं दोन नोकऱ्या करत असेल, अख्खा जुडगा दुरुस्तीला जात नसेल. तपासायची पद्धत सरळ होती. शुद्ध केलेला टीएफ-टू-एच रुग्णाच्या पेशीत सुईने टोचायचा. १९९४ साली हे करून पाहिलं गेलं आणि पेशींची दुरुस्ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे नक्कल काढायला जाणारी टोळी तीच, दुरुस्तीला जाणारी टोळीही तीच.

विचार केला तर यात तर्क आहे. दोन्ही कामांत पहिली पायरी एकच, डीएनएचे दोन पीळ थोड्या जागेत सुटे करणं. चेन उघडल्याशिवाय बॅगेत काही ठेवता येत नाही आणि बॅग शिवताही येत नाही. नक्कल काढताना एक्सपीबी इंधन जाळून (पेशीचं इंधन म्हणजे एटीपी) डीएनए पॉलिमरेजच्या दिशेने ढकलतो आणि तिथे पीळ सुटतो. दुरुस्तीच्या वेळी एक्सपीसी हे वेगळं प्रथिन आधी बिघाडाची जागा हुडकतं, मग टीएफ-टू-एच येऊन पीळ सोडवतो, त्यातला एक्सपीडी (म्हणजे ईआरसीसी-२ चं प्रथिन) धाग्यावर सरकत जाऊन खरंच गाठ आहे का याची खात्री करतो. त्यानंतर दोन 'कात्र्या' येऊन साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा कापतात आणि नवा भरला जातो. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सन्जार यांना डीएनए दुरुस्तीसाठी मिळालं, त्यातलं सन्जार यांचं काम या कापण्याच्या यंत्रणेवरचं.

आता तीन आजारांकडे परत येऊ. बोत्स्मा आणि त्यांचे सहकारी यान हुइमेकर्स यांनी १९९३ मध्येच मांडलं की यातली काही लक्षणं दुरुस्तीची नसून नकलेची असावीत. जनुकातला बदल फक्त दुरुस्तीला बाधला तर एक्सपी. टोळीच डळमळीत झाली आणि नक्कल काढणं मंदावलं, तर वाढ, केस, मेंदू. १९९७ साली ईआरसीसी-३ मधल्याच एका वेगळ्या बदलामुळे टीटीडी झालेलं एक कुटुंब सापडलं आणि या एका जनुकाच्या नावावर तिन्ही आजार जमा झाले.

या कल्पनेला सगळ्यात बोलका पुरावा मिळाला तो तापातून. ईआरसीसी-२ मधल्या एका ठराविक बदलाचे काही टीटीडी रुग्ण होते, त्यांचे केस ताप आला की गळायचे. २००१ साली रॉटरडॅमच्या गटाने याचं कारण दाखवलं. त्या बदलामुळे टीएफ-टू-एच तापाच्या तापमानाला टिकत नाही. शरीर तापलं की जुडगा विस्कटतो, आणि ज्या पेशींना शेवटच्या टप्प्यात प्रचंड प्रमाणात एकच प्रथिन बनवायचं असतं (केस बनवणाऱ्या पेशी त्यातल्याच), त्यांना नकला पुरत नाहीत. एखाद्या आईने डॉक्टरांना सांगितलं असेल, 'ताप आला की हिचे केस जातात', तर त्या वाक्यात अख्खी रेणूशास्त्राची कथा होती.

पुढे २०१६ साली टीटीडीच्या काही रुग्णांत टीएफ-टू-ई या दुसऱ्याच मदतनिसाचं जनुक बिघडलेलं सापडलं. त्याचा दुरुस्तीशी संबंध नाही, या रुग्णांच्या पेशी दुरुस्ती व्यवस्थित करतात. तरी केस ठिसूळच. नकलेच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट साक्ष कुठली हवी? कॉकेन सिंड्रोमबद्दल मात्र वाद मिटलेला नाही. बिघाडावर अडकून पडलेलं पॉलिमरेज हटवता न येणं हे मूळ कारण, असं मानणारेही बरेच आहेत.

आणि आपल्या कथानायकाने अजून एक धक्का राखून ठेवला होता. चिनी पारंपरिक वैद्यकात सांधेदुखीसाठी वापरली जाणारी एक वेल आहे, तिच्या चिनी नावाचा अर्थ मेघगर्जनेच्या देवाची वेल. तिच्यातलं ट्रिप्टोलाइड नावाचं द्रव्य पेशीत नक्कल काढणं पार ठप्प करतं. २०११ साली कळलं की ते नेमकं एक्सपीबीला जाऊन चिकटतं. म्हणजे एक्सपीबीविना नक्कल नाही, बरोबर? पण २०१४ साली दिसलं की स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या जुन्या औषधाने प्रयोगशाळेतल्या पेशींत एक्सपीबी झपाट्याने नष्ट होतं. (प्रयोग पेशींवरचे आहेत, घरात कुणी ही गोळी घेत असेल तर वाचून बंद करू नका!) आणि २०१७ साली स्ट्रासबूर्गच्याच गटाने दाखवलं, की अशा एक्सपीबी नसलेल्या पेशींत नक्कल काढणं चालूच राहतं.

हे कसं? त्यांचं म्हणणं असं की एक्सपीबी टोलनाक्यासारखा आहे. नाका असेल तर आडवा दांडा वर करायलाच हवा, त्याला इंधन लागतं. ट्रिप्टोलाइडने दांडा खाली असतानाच जाम होतो, सगळी वाहतूक बंद. नाकाच उखडून टाकला तर गाड्या सरळ जातात. नक्कल चालते, दुरुस्ती मात्र होत नाही. मग यीस्ट का मरत होतं, रुग्णांच्या पेशींत नेमकं काय अडतं, याचा हिशोब पुन्हा नव्याने मांडायला लागतो. २०१७ च्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलेला एव्हा नोगालेस यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने माणसाच्या टीएफ-टू-एचची बांधणी दाखवली, त्यामुळे कुठला बदल कुठल्या सांध्यावर बसतो हे निदान नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

जनुकाचं नाव बदललेलं नाही. आजही ते 'एक्सिजन रिपेअर' म्हणजे कापून दुरुस्ती याच नावाने ओळखलं जातं, हॅम्स्टरच्या बिघडलेल्या पेशींच्या तिसऱ्या गटाला बरं करतं म्हणून पुढे ३. मला यात कुणाची चूक दिसत नाही. नाव ही शोधाची तारीख असते, कामाचं वर्णन नव्हे, आणि ते वर्णन समजून वाचलं की १९८३ च्या यीस्टसारखा इशारा समोर असून दहा वर्षं बाजूला राहतो. तेच आजारांच्या नावांचं. कोरडी त्वचा, ठिसूळ केस ही डॉक्टरच्या डोळ्यांना जे दिसलं त्याची नावं.

रुग्णांसाठी एवढ्या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. मूळ बिघाड दुरुस्त करणारा इलाज आजही नाही. एक्सपीच्या मुलांना अतिनील किरणांपासून कडेकोट जपायचं, खिडक्यांना फिल्म लावायची, बाहेर पडताना चेहरा झाकायचा, त्वचेवर सतत नजर ठेवायची, हेच उपचार. पण निदान लवकर झालं तर हे जपणं वेळेत सुरू होतं, आणि कुठल्या जनुकातला कुठला बदल आहे हे कळलं तर आई-वडिलांना पुढच्या बाळाबद्दल नीट सल्ला देता येतो. ज्या मुलाला टीटीडी आहे त्याच्या घरच्यांना त्वचेच्या कर्करोगाची एक्सपीइतकी धास्ती बाळगायची गरज नाही, आणि तापाकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं, हेही याच इतिहासातून कळलं.

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार.